फुगेवाले काका आणि दुसरं बेअरिंग

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे फुगेवाले म्हणायचे. नव्यानं आलेल्या माणसाला वाटायचं, हे गृहस्थ पूर्वी बागेबाहेर फुगे विकत असणार. खरी गोष्ट वेगळी होती. यंत्राचे सगळे भाग सुटे करून एका तिरक्या रेषेत मांडल्यासारखं चित्र काढायचं आणि प्रत्येक भागापासून बारीक रेघ ओढून तिच्या टोकाला गोलात आकडा लिहायचा, हे त्यांचं काम. त्या गोलांना ड्रॉइंगच्या खोलीत फुगे म्हणतात. एकतीस वर्षं त्यांनी पंपांची चित्रं काढली होती, त्यातली पहिली चौदा वर्षं हातानं, शाईच्या पेनानं.

मी त्यांना काका म्हणायचे. आमची कंपनी पाण्याचे मोठे पंप बनवते. पंपाबरोबर जे जाडजूड माहितीपुस्तक जातं त्यातला मजकूर माझा आणि चित्रं त्यांची, म्हणून आमची टेबलं काटकोनात लावलेली. सडपातळ माणूस, शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी. चहा पुरता गार झाल्याशिवाय तोंडाला लावायचे नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "गरम चहा घाईच्या माणसांसाठी असतो." बोलणं मोजकंच, पण मजकुरात माझी वेलांटी चुकली तरी त्यांच्या नजरेतून सुटायची नाही.

मग एके वर्षी आमच्या विभागाच्या बाईंनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की पुस्तकं आता छापायची नाहीत. सगळं पडद्यावर जाणार. जिथे पंप बसवलाय तिथला मेकॅनिक टॅबलेटवर चित्र उघडेल, हव्या त्या भागावर बोट ठेवेल, आणि त्या भागाचं पान उघडेल: नाव, क्रमांक, माप, कसा काढायचा, कसा बसवायचा. क्रमांक पाहून तिथूनच मागणी नोंदवता येईल.

"म्हणजे फुग्यांची गरज नाही," कुणीतरी म्हणालं आणि सगळे काकांकडे बघून हसले. काकाही हसले. पण त्या दिवशी त्यांचा चहा तसाच राहिला.

हे नवं काम शिकायला त्यांना आठवडा लागला. चित्र पडद्यावर घ्यायचं, भागाच्या कडेनं एकेक बिंदू ठेवत कुंपण घालायचं, आणि त्या कुंपणाला योग्य पान जोडायचं. संगणक ते कुंपण आकड्यांत लक्षात ठेवतो: चित्राच्या डाव्या कडेपासून इतकं, वरच्या कडेपासून इतकं. त्या हद्दीत बोट पडलं की पान उघडलंच. बाकीचे लोक प्रत्येक भागाभोवती चौकोन मारून मोकळे व्हायचे. काका इंपेलरच्या, म्हणजे पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या चक्राच्या, पात्यापात्याभोवती फिरायचे. एका इंपेलरला त्यांनी चौसष्ट बिंदू घातलेले मी स्वतः मोजलेत.

"काका, चौकोन मारा की! जेवायची वेळ झाली."

"चौकोनात शेजारचा नट येतो. त्यानं काय घोडं मारलंय?"

असं करत दीड वर्षात त्यांनी दोनशे चौदा चित्रं पुरी केली. प्रत्येक चित्र झालं की प्रत्येक भागावर स्वतः क्लिक करून बघायचे, आणि पान बरोबर उघडलं की कागदावर बारीक खूण करायचे. चौदा महिने कुठूनही तक्रार आली नाही. बाईंनी एका बैठकीत त्यांचं कौतुक केलं तेव्हा ते पट्टीनं टेबलावरची धूळ खरवडत बसले होते.

तक्रार आली ती एका दूरच्या पाणीपुरवठा केंद्रातून. तिथली पंप मेकॅनिक बाई होती आणि तिनं लिहिलं होतं की चित्रात मोटरच्या बाजूच्या बेअरिंगवर बोट ठेवून जो क्रमांक मिळाला तो मागवला, तर भलतंच बेअरिंग आलं. बसत नाही. कृपया बघावं.

आमच्या बाईंनी तो कागद काकांकडे दिला. काकांनी चित्र उघडलं. या पंपात एकाच दांड्यावर दोन बेअरिंगं असतात, एक इंपेलरच्या बाजूला आणि एक मोटरच्या. चित्रात ती जवळजवळ होती, मध्ये नखाएवढी फट. काकांनी दुसऱ्यावर क्लिक केलं. दुसऱ्याचंच पान आलं. पहिल्यावर केलं; पहिल्याचं. मलाही करायला लावलं. दहादा केलं, दहाही वेळा बरोबर. काकांनी तक्रारीखाली "तपासले, बरोबर आहे" असं लिहून सही केली आणि वरून उत्तर गेलं: चित्र निर्दोष आहे, वापरणाऱ्याची चूक दिसते.

पाच आठवड्यांनी तिचं दुसरं पत्र आलं. पुन्हा मागवलं, पुन्हा तेच बेअरिंग आलं. उत्तरही पुन्हा तेच गेलं. या वेळी तर कुणी काकांना विचारलंसुद्धा नाही, जुनीच सही पुरली.

तिसरं पत्र मात्र हातानं लिहिलेलं होतं आणि ते थेट "चित्र काढणाऱ्या साहेबांना" असं होतं. शिपायानं ते काकांच्या टेबलावर ठेवलं. काकांनी वाचून माझ्याकडे सरकवलं.

"मी अकरा वर्षं पंप उघडते. मला बेअरिंग कळतं. दोन पंपांपैकी एक गेले दोन महिने बंद आहे आणि उंचावरच्या वस्तीला एक दिवसाआड पाणी जातंय. तुमच्या उत्तरामुळे मला निष्काळजीपणाचा लेखी ताकीदपत्र मिळालंय. तुमचं चित्र मला खोटं पाडतंय. येऊन बघा."

"ताकीदपत्र नपुंसकलिंगी," मी सवयीनं म्हणाले. "'लेखी' बरोबर आहे, पण 'निष्काळजीपणाचं' हवं."

काका माझ्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत, पण त्या नजरेनं मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. मग ते उठून बाईंच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"मला एकदा तिथे जाऊन यायचंय."

"अहो, प्रत्येक तक्रारीला माणूस पाठवायला लागलो तर इथे काम कोण करणार? आणि चित्र बरोबर आहे असं तुम्हीच लिहिलंय ना?"

"लिहिलंय. म्हणूनच जायचंय."

"मी परवानगी देऊ शकत नाही. प्रवास कशाखाली दाखवू?"

"मग रजा टाकतो. रजेत माणूस कुठे जातो हे दाखवावं लागत नाही."

घरी काय झालं ते मला काकूंनीच नंतर सांगितलं. काकू हॉस्पिटलातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या, बोलायला एकदम फटकळ. रात्रीचं जेवण झाल्यावर काकांनी त्यांना पत्र वाचून दाखवलं.

"अहो, चित्र बरोबर आहे तर ती बाई खोटं बोलतेय का?" काकूंनी विचारलं.

"नाही वाटत."

"मग ती खरं बोलतेय तर चित्र बरोबर कसं?"

"तेच कळत नाही. दोन्ही खरं आहे."

"आमच्या वॉर्डात एकदा बाटलीवर भलती चिठ्ठी लागली होती," काकू म्हणाल्या. "पेशंट ओरडून सांगत होता, रोजचं औषध हे नव्हे, रंग वेगळा आहे. आम्ही सगळ्या त्याला म्हणतोय, घ्या मुकाट्यानं. शेवटी त्याचंच खरं निघालं. जो पोटात घेतो त्याला आधी कळतं. तुम्ही जा. डबा देते."

शनिवारी सकाळी सहाच्या बसनं काका निघाले. साडेचार तासांचा प्रवास, पुढे दोन किलोमीटर पायी. पाणीपुरवठ्याचं केंद्र म्हणजे टेकडीच्या पायथ्याशी एक लांबट, उंच छताची इमारत, जाळीच्या खिडक्या, आत दोन हिरवे पंप. एक धडधडत होता. दुसऱ्याचं पोट उघडं, भाग जमिनीवर गोणपाटावर ओळीनं मांडलेले. काका नंतर मला म्हणाले, "अगदी माझ्या चित्रासारखे मांडले होते गं. मी आयुष्यभर कागदावर मांडले, तिनं जमिनीवर."

ती चाळिशीची, ठेंगणी, करड्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. काकांनी ओळख सांगितली तेव्हा तिनं हात पुसायचं फडकं खाली ठेवलं नाही.

"साहेब, तुम्ही एकटेच आलात?"

"साहेब नको. मी चित्रं काढतो."

"मग भाऊ म्हणते. बसा. आधी हे बघा." तिनं कोनाड्यातून दोन खोकी आणून समोर ठेवली. दोन्हीत तेच बेअरिंग, तेलकागदात गुंडाळलेलं, न वापरलेलं.

मग तिनं टॅबलेट काढला. ग्रीस लागू नये म्हणून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला होता. काकांच्या समोर तिनं चित्र उघडलं आणि मोटरच्या बाजूच्या बेअरिंगवर, बरोबर मध्यावर, बोट ठेवलं. पान उघडलं. काकांनी क्रमांक वाचला. तो इंपेलरच्या बाजूच्या बेअरिंगचा होता.

काकांनी स्वतः बोट ठेवलं. पुन्हा तेच.

"आता कळलं?" ती म्हणाली. "आणि एवढंच नाही." खिशातून तिनं एक वही काढली. चित्रात तेवीस भाग होते. तिनं एकेकावर बोट ठेवून काय उघडतं ते लिहून ठेवलं होतं. डावीकडे भागाचं नाव, उजवीकडे उघडलेलं पान. तेवीसपैकी सात बरोबर, सोळा चूक.

"हे तुम्ही कधी केलंत?"

"दुसरं उत्तर आलं त्या दिवशी. म्हटलं, माझं डोकं फिरलंय की चित्राचं, एकदाचा सोक्षमोक्ष लावू."

काकांनी वही मांडीवर घेतली. बरोबर आलेले सातही भाग चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्याजवळचे होते. तिथून जसजसं खाली उजवीकडे यावं तसतसं आधी शेजारच्याचं पान, मग त्याच्याही पलीकडच्याचं. त्यांनी खिशातली पट्टी काढली आणि टॅबलेटच्या काचेवर ठेवली.

"ताई, मी सांगतो तिथे हळूहळू बोट ठेवत जा. या बेअरिंगचं पान नेमकं कुठे उघडतं ते शोधू."

ती बोट टेकवत गेली, काका पट्टी धरून मोजत गेले. कोपऱ्यापासून बेअरिंगचं चित्र नऊ सेंटिमीटरवर होतं. त्याचं पान मात्र दहावर उघडत होतं, रिकाम्या पांढऱ्या जागेत. मधल्या एका भागाचं चित्र साडेचारवर, पान पाचवर. आणखी दोन मोजले. सगळीकडे नवास दहा.

काका मला म्हणाले, की चूक आपलीच निघाली आणि तरी त्या क्षणी फार बरं वाटलं. चित्र या टॅबलेटच्या पडद्यात मावत नव्हतं, म्हणून ते आपोआप थोडं लहान होऊन बसलं होतं, एक दशांशानं. डोळ्यांना कळणारही नाही इतकं. पण त्यावरची कुंपणं आकड्यांत लिहिलेली. ती लहान झाली नव्हती. ऑफिसातल्या मोठ्या पडद्यांवर चित्र पूर्ण मापात दिसायचं, म्हणून तिथे सगळं बरोबर. चित्र आकसलं होतं आणि जागा होत्या तिथेच राहिल्या होत्या. दोनशे चौदा चित्रं त्यांनी बिंदूबिंदूनं केली होती आणि एकही टॅबलेटवर उघडून पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं, आणि बाकीची केंद्रं बहुधा अजून जुनी छापील पुस्तकंच उघडत होती.

त्यांनी पट्टी खिशात ठेवली. "ताई, तुम्ही दोन्ही वेळा बरोबर बोट ठेवलंत. चूक माझी आहे."

तिनं धडधडणाऱ्या पंपाकडे पाहिलं. मग म्हणाली, "भाऊ, जरा मोठ्यानं म्हणाल का? पंपाच्या आवाजात ऐकू नाही आलं."

तिला नीट ऐकू आलं होतं. काकांनाही ते कळलं. ते उभे राहिले आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुम्ही बरोबर होतात! चूक आमच्या चित्राची आहे!" दाराशी पाइप उचलत असलेले दोघे जण वळून बघायला लागले. तिनं त्यांच्याकडे बघून नुसती मान हलवली, आणि मग पहिल्यांदा हातातल्या फडक्यानं काकांसाठी स्टूल पुसलं.

काकांना दोन्ही क्रमांक तोंडपाठ होते. तिथूनच तिनं तिसऱ्यांदा मागणी केली, या वेळी हातानं क्रमांक लिहून. मग दोघांनी काकूंच्या डब्यातलं वाटून खाल्लं. तिचा मुलगा तंत्रशाळेत जातो, नवरा बस चालवतो आणि सासूला अजून वाटतं की सून पाणीपट्टीच्या खिडकीवर बसते, हेही काकांना कळलं. परतीच्या बसला ती गाडीरस्त्यापर्यंत सोडायला आली.

सोमवारी काका माझ्याआधी येऊन बसले होते. अहवाल दोन पानी, आकडे, मापं, तिच्या वहीची नक्कल. मी तो वाचला आणि माझे कान तापले. कारण एक गोष्ट मला वाचता वाचता दिसली, आणि काकांनी ती लिहिली नव्हती. दोन्ही बेअरिंगांच्या पानांवर मथळा एकच होता: "बेअरिंग". तो माझा होता. मी इंपेलरच्या बाजूचं, मोटरच्या बाजूचं असं लिहिलं असतं, तर भलतं पान उघडताच तिला तिथल्या तिथे कळलं असतं. शिवीपेक्षा ते मौन मला जास्त झोंबलं.

"काका, यात माझं का नाही लिहिलंत?"

"तुझं तू लिही," ते म्हणाले. मी लिहिलं. तळाशी, चार ओळी.

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी अहवाल दोनदा वाचला, स्वतःच्या पिशवीतला टॅबलेट काढला, चित्र उघडलं, चार ठिकाणी बोट ठेवलं. मग खुर्चीत मागे टेकून विचारलं, "किती चित्रं?"

"सगळी. दोनशे चौदा."

"अरे देवा."

दुरुस्ती तशी मोठी नव्हती. चित्र जितकं लहानमोठं होईल तितक्याच प्रमाणात कुंपणंही लहानमोठी व्हावीत, असं संगणक विभागानं तीन दिवसांत करून दिलं. वाद झाला तो पत्रावरून. त्या केंद्राच्या वरिष्ठांना पाठवायच्या पत्रात बाईंनी लिहिलं होतं, "काही तांत्रिक अडचणीमुळे गैरसमज झाला असण्याची शक्यता आहे."

"गैरसमज कुणाचा?" काकांनी विचारलं. "तिचा तर झाला नव्हता. इथे 'चूक आमची होती' असं हवं."

"'चूक' हा शब्द वरच्या मजल्यावर चालत नाही हो."

"पहिल्या उत्तरात 'वापरणाऱ्याची चूक' लिहिताना तो कसा चालला?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तुम्ही आणखी दोन वर्षांनी निवृत्त होणार. मला इथे अजून सतरा वर्षं काढायचीत."

"म्हणून तर सही माझी घ्या. पहिल्या कागदावरही माझीच होती."

शेवटी पत्र गेलं ते "चूक आमची होती" असंच, आणि खाली दोन सह्या होत्या. दुसरी बाईंची. त्यांनी ती का केली हे कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

पुढचे चार महिने काका टॅबलेट मांडीवर घेऊन बसायचे. एकेक चित्र, एकेक भाग. तीन वेगवेगळ्या आकारांचे टॅबलेट त्यांनी मागून घेतले होते. एक दिवस हातात रबरी मोजे घालून बसलेले दिसले. मी विचारलं तर म्हणाले, "तिथे कुणी नेलकटरनं नखं कापून, साबणानं हात धुऊन येत नाही. बघतो, जाड बोटाला वॉशर सापडतो का." नाही सापडला. मग लहान भागांची कुंपणं त्यांनी जरा सैल केली, शेजाऱ्याच्या हद्दीत न जाता. चौसष्ट बिंदूंच्या त्या इंपेलरला आता बारा पुरले. त्याचं त्यांना वाईट वाटलं असावं.

दोन महिन्यांनी तिचा फोन आला. काकांनी मला ऐकू यावं म्हणून तो स्पीकरवर टाकला.

"भाऊ, ते पत्र माझ्या फाइलमधून काढलं बरं का. ताकीदपत्र."

"वा! साहेब काही बोलले?"

"माफी नाही मागितली. म्हणाले, तुझं नशीब. मी म्हटलं, नशीब नाही साहेब, वही." ती हसली. "पंप छान चालतोय. वरच्या वस्तीला रोज पाणी आहे. पण भाऊ, एक सांगू? तुमच्या चित्रात तो मागचा बोल्ट समोरून दाखवलाय. इथे समोर पाइप आहे. तो बोल्ट मागून वाकूनच दिसतो. नवीन पोरांना सापडत नाही."

काकांनी लिहून घेतलं. दोन दिवसांनी त्यांनी ते चित्र मागच्या बाजूनं काढलं. तिला पाठवलं, तिनं आणखी एक खोट काढली, काकांनी पुन्हा बदललं. असं तीन-चार चित्रांचं झाल्यावर बाईंनीच एक दिवस सांगितलं, की नवं कुठलंही पुस्तक बाहेर जाण्याआधी महिनाभर त्या केंद्रात राहू दे, तिथल्या मेकॅनिक बाईंनी बघितल्याशिवाय पाठवायचं नाही. आणि केंद्राच्या वरिष्ठांकडून तशी रीतसर परवानगी मिळवायचं कामही बाईंनी स्वतःच केलं.

काका निवृत्त व्हायच्या आधीच्या महिन्यात नव्या पंपाचं पुस्तक तयार झालं, तेव्हा आम्ही दोघं मिळून तिकडे गेलो. या वेळी प्रवास कामाखाली दाखवला होता. ती आता केंद्रप्रमुख झाली होती, पण कोटाच्या बाह्या तशाच दुमडलेल्या. तिनं आम्हाला बाजूला बसवलं आणि सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत पंप आमच्यादेखत उघडला, टॅबलेटवर बोट ठेवत, माझा मजकूर मोठ्यानं वाचत. वाचता वाचता मध्येच थांबून माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "हे बोलताना तुम्ही असंच म्हणता का, ताई?" मी दर वेळी नाही म्हणायचे आणि लिहून घ्यायचे.

एकूण अकरा चुका निघाल्या. तीन काकांच्या, आठ माझ्या. परतीच्या बसमध्ये काका कमालीचे खुशीत होते; खिडकीशी बसून त्यांनी माझी यादी दोनदा वाचली आणि आणखी एक चुकलेली वेलांटी शोधून दाखवली.